चावीचा पंखा: आधी वाऱ्याचा हिशेब, मग स्प्रिंगची निवड

आपण पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला आहात आणि चावी देऊन चालणारा पंखा हा प्रकल्प घ्यायचा आपला विचार आहे. नागपुरात ऐन नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हात, वीज गेली की कूलर आणि पंखा दोन्ही बंद पडतात, म्हणून आजीच्या खाटेशेजारी ठेवता येईल असा, वीज आणि बॅटरी न लागणारा पंखा आपल्याला हवा आहे. आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत: स्प्रिंग कोणती घ्यावी, गिअरचे गुणोत्तर किती ठेवावे आणि एकदा चावी भरल्यावर अर्धा तास टेबल फॅनइतका वारा मिळेल का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या दोन्ही उत्तरांना वळण देते, म्हणून त्यापासूनच सुरुवात करतो.

टेबल फॅनइतका वारा अर्धा तास मिळणार नाही. घरातला साधा टेबल फॅन सुमारे ५० वॅट वीज घेतो. त्यातली बरीचशी मोटरमध्येच उष्णता होऊन जाते. पाती फिरवणाऱ्या दांड्यावर (शाफ्टवर) १५ वॅट पोहोचतात असे धरले, तरी अर्ध्या तासाला २७,००० ज्यूल ऊर्जा लागते. चांगल्या प्रतीच्या, कडक करून टेंपर केलेल्या स्प्रिंग-स्टीलच्या पट्टीत १,२०० मेगापास्कल इतका ताण घेतला, तर एका किलोमागे जास्तीत जास्त १५० ज्यूल साठतात. पट्टीचे वेढे एकमेकांवर घासतात आणि शेवटचे काही फेरे उपयोगी पडत नाहीत, ही तूट वजा करता हाती साधारण १०० ज्यूल येतात. म्हणजे तसल्या वाऱ्यासाठी २७० किलो स्प्रिंग लागेल. तुलनेसाठी सांगतो: टॉर्चमध्ये असते तशी १८६५० आकाराची एक लिथियम बॅटरी जेमतेम ४५ ते ५० ग्रॅमची असते आणि तिच्यात ३०,००० ज्यूलच्या आसपास ऊर्जा मावते. पोलाद ऊर्जा साठवण्याच्या बाबतीत फार गरीब आहे, हे एकदा मनाशी पक्के केले की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. स्प्रिंगची खरी ताकद निराळी आहे: ती कपाटात वर्षानुवर्षे पडून राहिली, पत्र्याच्या खोलीतला उन्हाळा तिने सोसला, तरी चावी दिल्याबरोबर कामाला तयार असते. लिथियम बॅटरी मात्र अशा उष्णतेत झपाट्याने म्हातारी होते.

तेव्हा स्प्रिंग किती मोठी घेता येईल हा विचार बाजूला ठेवून, किती कमी वाऱ्यावर माणसाचे भागते, हे आधी ठरवावे. हवेला वेग देण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, पण पात्यांनी व्यापलेल्या क्षेत्रफळाच्या मात्र सरळ प्रमाणातच वाढते. ३० सेंटीमीटर व्यासाच्या पंख्यातून सेकंदाला २ मीटर वेगाने हवा जाऊ द्यायची, तर सोप्या हिशेबाने त्या हवेतच ०.३ वॅट जातात. वेग १ मीटरवर आणला की हाच आकडा ०.०४ वॅटच्या खाली येतो. वेग निम्मा केला की खर्च आठपटीने कमी, आणि स्प्रिंगही आठपटीने लहान. म्हणून चावीच्या पंख्याची पाती मोठी आणि संथ असावीत. बाजारातल्या लहान चपळ पंख्याची नक्कल येथे कामाची नाही. चेहऱ्यापासून हातभर अंतरावर सेकंदाला ०.७ मीटर वाऱ्याची झुळूक स्पष्ट जाणवते आणि घाम सुकवते. ४० सेंटीमीटर व्यास, मिनिटाला १५० फेरे आणि सेकंदाला ०.७ मीटर वारा हे उद्दिष्ट मी आपल्याला सुचवतो. याला दांड्यावर साधारण ०.०७ वॅट लागतात. दहा मिनिटांचे होतात ४२ ते ४५ ज्यूल. हे पोलादाला झेपते.

पात्यांच्या आकाराबद्दल एक गोष्ट पुस्तकात सहसा ठळकपणे सांगितलेली नसते. विमानाच्या पंखासारखे पुढून जाड, मागे निमुळते होत जाणारे पाते अशा संथ गतीला वाईट चालते. आपल्या पंख्याच्या पात्यावरचा रेनॉल्ड्स अंक (पात्याची रुंदी, वेग आणि हवेचा चिकटपणा यांवरून प्रवाहाचे स्वरूप सांगणारा आकडा) दहा हजारांच्या घरात राहील, आणि त्या टप्प्यात पातळ, किंचित वाकवलेला पत्रा जाड आकारापेक्षा सरस ठरतो. अर्धा मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा पातळ पीव्हीसी शीट घ्यावी, पात्याची रुंदी सुमारे ८ सेंटीमीटर ठेवावी आणि वाक रुंदीच्या पाच-सहा टक्के, म्हणजे मध्यभागी साधारण साडेचार मिलिमीटर खोल असावा. पात्याच्या दोन-तृतीयांश लांबीवर कोन २४ अंशांच्या आसपास राहू द्यावा. मध्याकडे तो वाढत जावा, टोकाकडे कमी व्हावा. चार पाती पुरेत. पाती हलकी असली की पंखा लवकर वेग घेतो, पण हलक्या पात्यांचा तोलही तितक्याच काळजीने साधावा लागतो, कारण डगमगणारा दांडा ही थोडकी शक्ती बेअरिंगमध्येच जिरवून टाकतो.

स्प्रिंग विकत घेण्याच्या आधी पाती तपासून घ्यावीत, आणि त्यासाठी लागते फक्त दोरा आणि १०० ग्रॅमचे वजन. पंख्याच्या दांड्यावर १० मिलिमीटर व्यासाची बॉबिन बसवा, तिच्यावर बारीक दोरा गुंडाळा, दोरा एका कप्पीवरून घेऊन त्याला १०० ग्रॅमचे माप टांगा. या मापाने दांड्यावर ४.९ मिलिन्यूटन-मीटर टॉर्क (फिरवणारा जोर) पडतो, आणि मिनिटाला १५० फेऱ्यांनी फिरताना आपल्या पंख्याला जवळजवळ तेवढाच टॉर्क हवा आहे. पात्यांना बोटाने थोडा वेग देऊन सोडा आणि माप शेवटचा अर्धा मीटर उतरायला किती वेळ घेते ते मोजा. पंखा १५० फेऱ्यांवर असेल, तर माप सेकंदाला पावणेआठ सेंटीमीटर उतरेल, म्हणजे अर्ध्या मीटरला साडेसहा सेकंद लागतील. माप भराभर खाली आले तर पाती हवेला पकडत नाहीत, कोन वाढवा. रेंगाळले तर कोन जास्त आहे किंवा बेअरिंग जड आहे. कोन अंशाअंशाने बदलत, समोर उदबत्तीचा धूर धरून पाहत ही चाचणी दुपारभर करावी. या प्रकल्पातला सर्वांत फलदायी वेळ हाच. प्रकल्पाच्या गाईडसमोर मांडायला आकडेही यातूनच मिळतात.

पाच मिलिन्यूटन-मीटर म्हणजे किती कमी, याची कल्पना बेअरिंग निवडताना येते. दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेले, घट्ट ग्रीस भरलेले साधे ६०८ बेअरिंग हातात सहज फिरल्यासारखे वाटते, पण त्याचे सील आणि ग्रीस मिळून या टॉर्कमधला मोठा वाटा खाऊन टाकू शकतात. पंख्याच्या दांड्याला सील नसलेले लहान बेअरिंग घ्यावे, त्यातले ग्रीस रॉकेलने धुऊन काढावे आणि घड्याळाच्या तेलाचा एकच थेंब सोडावा. याहून चांगला मार्ग घड्याळजींचा आहे: दांड्याची टोके दीड-दोन मिलिमीटरपर्यंत बारीक करून, कडक करून, पॉलिश करून पितळी बुशात बसवायची. घर्षणाचे बल जितक्या लहान त्रिज्येवर पडेल तितका त्याचा अडसर कमी, हे त्यामागचे साधे कारण आहे. मात्र आपल्याकडची उन्हाळी धूळ तेलात मिसळली की पॉलिशच्या पावडरीसारखी झीज करते, म्हणून गिअरपेटी पूर्ण बंद असायलाच हवी.

आता स्प्रिंग. २५ मिलिमीटर रुंद, ०.५ मिलिमीटर जाड आणि ६ मीटर लांब पट्टी धरू. तिचे वजन ५९० ग्रॅम भरते. १,२०० मेगापास्कल ताणाला ती १.२५ न्यूटन-मीटर टॉर्क देते. मधला दांडा पट्टीच्या जाडीच्या तीसपट, म्हणजे १५ मिलिमीटरचा ठेवावा. त्याहून बारीक दांड्यावर आतला वेढा लवकर तुटतो. पट्टी जिच्यात गुंडाळून बसवतात त्या डबीचा आतला व्यास ठरवण्याचा नियम जुना आणि पक्का आहे: दांडा आणि डबीची भिंत यांच्यामधली निम्मी जागा पट्टीने व्यापावी, निम्मी मोकळी राहावी, म्हणजे सर्वांत जास्त फेरे मिळतात. आपल्या पट्टीसाठी हा व्यास ८९ मिलिमीटर येतो आणि फेरे मिळतात सुमारे २३. त्यातले १८ वापरावेत. उरलेले चार-पाच फेरे डबी जोडतानाच आत पिळून ठेवावेत आणि अटकाव बसवून ते कधीच सुटणार नाहीत अशी सोय करावी, कारण त्या शेवटच्या फेऱ्यांतला टॉर्क इतका क्षीण असतो की पंखा नुसता रेंगाळतो. वेढ्यांमध्ये ग्रॅफाइट मिसळलेले ग्रीस हलक्या हाताने लावावे. अशी डबी साधारण ६० ज्यूल बाहेर देते. गिअर आणि बेअरिंगमध्ये पाव-एक हिस्सा गेल्यावर पात्यांपर्यंत पंचेचाळीसच्या जवळपास पोहोचतात, आणि आपल्याला तेवढेच हवे होते.

गुणोत्तर आता आपोआप ठरते. डबीचे १८ फेरे आणि दहा मिनिटांत पंख्याचे १,५०० फेरे, म्हणजे ८३. हे दोनच टप्प्यांत बसवावे: डबीच्या चाकाला १०० दाते आणि त्यात अडकणाऱ्या पिनियनला (लहान दातेरी चाकाला) १२, पुढच्या चाकाला ८० आणि शेवटच्या पिनियनला ८. तीन-चार टप्पे केले की प्रत्येक टप्पा आपली दस्तुरी कापून घेतो. पहिल्या जोडीला १ मोड्यूल (दात्याच्या आकाराचे माप) आणि धातूचे दाते असावेत. तेथे दातावर जेमतेम २५-३० न्यूटन बल पडते, पण पट्टी मध्येच घसरली किंवा तुटली तर बसणारा झटका मोठा असतो. दुसरी जोडी अर्धा मोड्यूलची, चाक पितळेचे आणि पिनियन डेलरिन या कडक प्लास्टिकची केली तरी चालेल. आठ दात्यांच्या पिनियनला दात्यांचा नेहमीचा, इन्व्होल्यूट म्हणतात तो आकार बुंध्याशी कापला जातो, म्हणून घड्याळातला सायक्लॉइडल आकार घ्यावा किंवा प्रोफाइल सरकवून घ्यावी. आपल्या वर्कशॉपमध्ये तशी कटर नसेल, तर लेझरने कापलेली पितळी चाके या बलाला पुरी पडतात.

गती आवरण्यासाठी वेगळा गव्हर्नर लावायचा का, असे आपण विचारले नसले तरी गाईड नक्की विचारतील. त्याची गरज नाही, कारण पंखा स्वतःच गव्हर्नर आहे. हवेचा विरोध गतीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे स्प्रिंगचा टॉर्क एक-चतुर्थांशावर आला तरी पंख्याची गती फक्त निम्मी होते. भिंतीवरच्या टोल्याच्या घड्याळात ठोके एका लयीत पडावेत म्हणून जे दोन पंखांचे भिरभिरे बसवलेले असते, ते नेमके याच तत्त्वावर चालते. जुने घड्याळ उघडून ते जरूर पाहावे. घड्याळ टोले देताना त्या पात्यांच्या अंगी किती थोडी शक्ती असते आणि ती किती नेमकेपणाने खर्च होते, हे डोळ्यांनी पाहिले की या विषयावर प्रेमच बसते. सुरुवातीचा जोर आणि शेवटची मरगळ यांतला फरक आणखी कमी करायचा असेल, तर स्थिर बलाची, उलट्या दिशेने दुसऱ्या दांड्यावर गुंडाळली जाणारी स्प्रिंग घेता येते. पण ती महाग पडते आणि पहिल्या नमुन्यात तिचा हट्ट धरू नये.

१५ सेंटीमीटरच्या हँडलवर ही स्प्रिंग भरायला ८ ते ९ न्यूटनच जोर लागतो, म्हणजे एक किलोपेक्षाही कमी वजन ढकलल्यासारखे. आजींनाही हे जमेल. रॅचेटचे (स्प्रिंग उलटी सुटू न देणारे) चाक आणि खटका डबीशेजारीच, भक्कम पोलादी ठेवावेत. पंख्याच्या दांड्यावर एकाच दिशेने पकडणारा क्लच असावा, म्हणजे फेरे संपल्यावर पाती मोकळी फिरून थांबतील आणि गिअरला धक्का बसणार नाही. अशा आठ डब्या शेजारी-शेजारी जोडल्या, तर दहा मिनिटांसाठी वारा दुप्पट होतो. फक्त दुप्पट, कारण घनाचा नियम आपली किंमत वसूल करतोच. आठ डब्यांत पावणेपाच किलो तर नुसती पट्टीच असते, वर डब्यांचे आणि चौकटीचे वजन. तो पंखा मग टेबलावरून उचलून फिरवण्याजोगा राहत नाही.

पट्टी कोठे मिळेल? इतवारीच्या लोहाओळीत विचारपूस केल्यास स्प्रिंग-स्टीलची पट्टी मिळू शकते, पण ती टेंपर केलेली आहे की नरम, हे वाकवून पाहिल्याखेरीज घेऊ नये: पुन्हा सरळ झाली तरच ती कामाची. जनरेटर किंवा फवारणी पंपाच्या दोरी ओढून सुरू करायच्या स्टार्टरमध्ये आणि भंगारातल्या गाड्यांच्या सीटबेल्टमध्ये तयार, डबीबंद स्प्रिंग असते. पहिल्या प्रयोगासाठी ती उत्तम. दुकानाच्या शटरमधली चपटी स्प्रिंग अनेकांच्या डोळ्यांत भरते. तिच्यात ऊर्जा भरपूर असते हे खरे, परंतु तिचा टॉर्क प्रचंड आणि फेरे मोजके. त्यामुळे गुणोत्तर दुपटीहून जास्त वाढते, पहिल्या टप्प्याला जाडजूड पोलादी दाते लागतात, आणि ती सुटली तर हाताची बोटे जाण्याची भीती खरी आहे. विद्यार्थ्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लहान स्प्रिंगसुद्धा डबीतून काढताना चष्मा आणि चामडी हातमोजे हवेतच. आणि भरलेली डबी कधीही उघडू नये: आधी हँडल घट्ट धरून, खटका उचलून फेरा-फेराने ती पूर्ण रिकामी करावी.

स्प्रिंगने डायनॅमो फिरवून त्या विजेवर छोटी मोटर चालवावी, अशी कल्पना बहुतेकांना एकदा तरी सुचते. एवढ्या कमी शक्तीवर डायनॅमो आणि मोटर दोन्ही निम्मी-निम्मी ऊर्जा सहज गमावतात आणि पात्यांपर्यंत चौथाई उरते. ब्रिटिश संशोधक ट्रेव्हर बेलिस यांच्या चावीच्या रेडिओत स्प्रिंग आणि डायनॅमो होते, कारण रेडिओला वीजच लागते आणि तीही अगदी थोडी. त्या प्रकारच्या पुढच्या रेडिओंमध्ये स्प्रिंगची जागा रिचार्ज होणाऱ्या बॅटरीने घेतली. पंख्याला तर फिरणेच हवे आहे, ते सरळ गिअरने द्यावे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत जेवणाच्या टेबलावर ठेवायचे चावीचे पंखे मिळत असत. त्यांची लांब पाती संथपणे फिरून अन्नावरच्या माश्या हाकलत. त्या कारागिरांनी स्प्रिंगकडून तिला झेपेल एवढेच मागितले होते.

आजींसाठी म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. कातडीचे तापमान साधारण ३५ अंश असते. खोलीतली हवा त्याहून तापलेली असेल, तर कोरड्या अंगावर घेतलेला वारा शरीराला उष्णताच देतो, आणि त्या वेळी पंख्याचा उपयोग घाम किंवा पाणी उडवण्यापुरता राहतो. ४० अंशांच्या पुढे नुसत्या पंख्यावर विसंबू नये, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. वयस्कर माणसांना घामही कमी येतो. आपल्याकडे मे महिन्यातली दुपार अत्यंत कोरडी असते, हे येथे उपयोगी पडते: ओला दुपट्टा मानेवर-खांद्यावर ठेवून किंवा वाळ्याची ओली ताटी पंख्यामागे थोड्या अंतरावर उभी करून ही हलकी झुळूक घेतली, तर तिचा गुण कितीतरी वाढतो. ताटी पंख्याला चिकटवून मात्र ठेवू नये, कारण एवढ्याशा दाबाला तिच्यातून हवा ओढता येत नाही.

शेवटी आपल्या अर्ध्या तासाकडे येतो, कारण त्याचा मार्ग आहे. २० किलो वाळूची पिशवी २ मीटर उंचीवरून उतरताना ३९० ज्यूल देते, म्हणजे वरच्यासारख्या सहा डब्यांइतके. शिवाय तिचा टॉर्क पहिल्या फेऱ्यापासून शेवटच्या फेऱ्यापर्यंत एकसारखा राहतो. डबीच्या जागी ३५ मिलिमीटर व्यासाचे दोरीचे रूळ बसवा: १८ फेऱ्यांत पिशवी २ मीटर वर जाते आणि त्याच हँडलवर २३ न्यूटनच्या आसपास जोर लागतो. मध्ये पाचास एक गुणोत्तराचा गिअरचा एक टप्पा वाढवला की त्याच पात्यांवर, त्याच ०.७ मीटरच्या वाऱ्यावर पंखा पाऊण तासाच्या आसपास चालेल. पिशवीखाली कोणी येणार नाही अशी लाकडी पेटी भिंतीला लावावी आणि आकडा स्लॅबमध्ये नीट रोवलेला असावा. पाती, दांडा आणि शेवटची गिअर-जोडी दोन्ही प्रकारांना सामायिक आहे. तेव्हा परीक्षकांपुढे ठेवायला स्प्रिंगची डबी करावी, आणि आजींच्या खोलीत वाळूची पिशवी टांगावी.